वाचक विचारतात: होडीत बसताना कोणता कॅमेरा न्यावा?

पावसाळा सरून मालवण, मुरुड, तापोळा, भिगवणच्या होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. बजेट मोजकं, फिरणं पाण्यावरचं, तर कॅमेरा कोणता घ्यावा? या वेळी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि उत्तरं एकत्र देत आहोत.

दिवाळीनंतर आम्ही चौघं मालवण-तारकर्लीला जाणार आहोत, परतताना मुरुड-जंजिरा करायचा आहे. कॅमेऱ्यासाठी २५ हजार बाजूला ठेवले आहेत. माझा फोन चांगला आहे, पण बोटीत तो बाहेर काढायला भीती वाटते. वॉटरप्रूफ कॅमेरा घेऊ की जास्त झूमवाला? (सांगली)

पाण्यातही चालेल आणि लांबचंही जवळ आणेल असा एकच कॅमेरा या पैशांत मिळत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. त्याचं कारण कॅमेऱ्याच्या रचनेत आहे. साध्या झूम कॅमेऱ्याची लेन्स नळीसारखी पुढे येते आणि आत जाते, आणि त्या सरकत्या नळीभोवती पाणी अडवणं कठीण. म्हणून वॉटरप्रूफ कॅमेऱ्यात अख्खी लेन्स अंगातच बसवतात आणि आत आलेला प्रकाश लोलकाने काटकोनात वळवतात. जागा इतकी कमी की झूम ४ किंवा ५ पटींवर थांबते. ओएम सिस्टीमचा टीजी-७ घ्या, त्यात २५ ते १०० मिमी (मिमीचा आकडा लहान तितकी चौकट रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ). पेंटॅक्सचा डब्ल्यूजी-९० घ्या, त्यात २८ ते १४० मिमी. त्यापुढे जाहिरातीत जी झूम सांगतात ती डिजिटल, म्हणजे चित्र कापून मोठं केलेलं.

त्यामुळे दुकानात शिरण्याआधी दोन गोष्टी ठरवा. टिपायचं ते किती लांब असेल, आणि हात किती ओले होतील. तुमच्या बेतात लांबचं फारसं काही नाही. राजपुरीच्या धक्क्यावरून निघालेली शिडाची होडी जंजिऱ्याच्या तटाला जवळजवळ चिकटते. तिथे झूम लागत नाही, उलट चौकट रुंद लागते. बुरुजांसकट दरवाजा एका चौकटीत बसवायला २४ मिमीसुद्धा अपुरं पडतं. तिथे तुमच्या फोनची ०.५ची, म्हणजे रुंद चौकटीची लेन्स २५ हजारांच्या कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा उजवी ठरेल. फोनला दोरी लावा, ती मनगटात अडकवा आणि बेधडक काढा. फोन हातातून निसटतो तो बहुधा होडीत चढता-उतरताना. तेवढा वेळ तो खिशात नाही, तर तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या ड्रायबॅगेत असू द्या. बॅगेच्या तोंडाला निदान तीन घड्या पडल्या पाहिजेत. एकच घडी घालून बकल लावलं तर पाणी आत शिरतंच.

उरली तारकर्ली. स्कूबासाठी कॅमेरा घेऊच नका. तिथे डाइव्ह करवणारे बहुतेक जण पाण्याखालचा व्हिडिओ स्वतः काढून देतात, आणि पहिल्यांदा पाण्याखाली जाणाऱ्याचं लक्ष श्वासावर असायला हवं. स्नॉर्कलिंग, मुलांचं किनाऱ्यावरचं खेळणं, बनाना राइडला उडणारं पाणी यांसाठी मात्र एखादा छोटा अ‍ॅक्शन कॅमेरा पुरतो. गोप्रोचा २०२४ सालचा ‘हीरो’ अमेरिकेत १९९.९९ डॉलरला आला. वजन ८६ ग्रॅम, वेगळ्या डबीशिवाय ५ मीटरपर्यंत चालतो. उणीव एकच, बॅटरी आतच बसवलेली आहे, ती बदलता येत नाही. दिवसभराच्या सहलीत पॉवर बँक जवळ ठेवावी लागेल.

मासे, प्रवाळ, शंख-शिंपल्यांचे जवळून फोटो हवे असतील तर मात्र टीजीसारखा टफ, म्हणजे पाणी आणि धक्के सोसणारा कॅमेरा लागतो. तो १ सेंटिमीटरवरूनही फोकस करतो. नवा टीजी-७ तुमच्या बजेटबाहेर जाईल. २०२३ मध्ये तो ५४९.९९ डॉलरला आला होता, म्हणजे रुपयांत ४५ हजारांच्या वर. डब्ल्यूजी-९० त्याच्या खालच्या वर्गातला, १४ मीटरपर्यंत चालणारा. उन्हात काम चोख करतो, संध्याकाळी फोटो दाणेदार येतात. या वर्गात आमची पहिली पसंती चांगल्या अवस्थेतल्या जुन्या टीजी-६ ला. जुना घेताना काय तपासायचं ते खाली दिलं आहे.

ऑनलाइन ६ हजारांत ‘४८ मेगापिक्सेल, ४के, १६ पट झूम, वॉटरप्रूफ’ कॅमेरा दिसतो आहे. घ्यावा का? (नांदेड)

घेऊ नका. या कॅमेऱ्यांत सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, बहुधा खूप कमी पिक्सेलची असते आणि मधले ठिपके सॉफ्टवेअर भरतं. लेन्सचा फोकस कायमचा एका जागी बसवलेला असतो आणि १६ पट झूम ही सगळी डिजिटल. ओळखायचं कसं? लेन्सच्या कडेला काय छापलं आहे ते फोटो मोठा करून वाचा. खऱ्या झूम लेन्सवर ‘४.५-१८.०’ असे मिलिमीटरचे दोन आकडे असतात. एकच आकडा असेल किंवा काहीच छापलेलं नसेल, तर झूम खरी नाही. माहितीत ‘ऑप्टिकल झूम’ हे शब्द नसणं हीदेखील तीच खूण. सहा हजारांत हातातला फोन आणि चांगलं वॉटरप्रूफ पाऊच हे यापेक्षा कितीतरी बरं. फक्त पाण्याखाली टचस्क्रीन चालत नाही. बुडी मारण्याआधी कॅमेरा चालू करून ठेवा आणि आवाजाच्या बटणाने फोटो काढा.

भिगवणला फ्लेमिंगोंचे फोटो काढायचे आहेत. मागच्या खेपेला मित्राचा ४० पट झूमचा कॅमेरा नेला होता. पक्षी मोठे दिसले, पण निम्मे फोटो हललेले आले. यापेक्षा जास्त झूमचा घेऊ का? (पुणे)

झूम वाढवून हे दुखणं वाढेल. आधी साधा हिशोब पाहू. उजनीच्या फुगवट्यात होडी पक्ष्यांपासून ४० मीटरवर थांबली असं धरा. मोठा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उभा असताना साधारण सव्वा मीटर उंच. ६०० मिमीला त्या अंतरावर चौकटीत वरपासून खालपर्यंत सुमारे १.६ मीटर मावतं, म्हणजे पक्षी पाऊण चौकट भरतो. ९६० मिमीला जेमतेम १ मीटर मावतं, म्हणजे अख्खा पक्षी बसतच नाही. फोनच्या साध्या लेन्सला हीच चौकट ३७ मीटर उंच होते आणि रोहित तिचा तिसावा भाग. थोडक्यात, फ्लेमिंगोंसाठी ६०० मिमी पुरे. धीवर, तुतारी असे लहान पक्षी टिपायचे असतील तरच पुढे जा.

आता फोटो का हलले ते पाहा. ४० पट झूमच्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत कॅनन एसएक्स७४० एचएस हा सर्वांत जास्त दिसतो. त्याची लेन्स २४ ते ९६० मिमी, पण पूर्ण झूमला तिचं छिद्र एफ ६.९ पर्यंत बारीक होतं. पॅनासॉनिकचा एफझेड३०० बघा. सेन्सर तेवढाच, पण २५ पासून ६०० मिमीपर्यंत छिद्र एफ २.८ कायम. दोन्हींतला फरक सहा पट प्रकाशाचा आहे. कॅननला फोटो टिपायला सेकंदाचा १/२०० भाग लागत असेल तिथे पॅनासॉनिकला १/१२०० पुरतो. हललेल्या फोटोंचं मूळ इथे आहे.

एफझेड३०० हे २०१५ चं मॉडेल, आता बहुधा वापरलेलाच मिळतो. तरी होडीसाठी आम्ही तोच सुचवू. शिंतोडे आणि धूळ त्याला सोसते, डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर आहे आणि समोर ५२ मिमीचा फिल्टर बसतो. वजन ६९१ ग्रॅम. शिंतोडे सोसतात याचा अर्थ बुडवता येतो असा मात्र घेऊ नका. निकॉन पी९५० ची झूम २००० मिमीपर्यंत जाते, पण तो किलोभर वजनाचा आहे आणि हलत्या होडीत २००० मिमीला पक्षी चौकटीत धरून ठेवणंच जिकिरीचं होतं.

कॅमेरा कुठलाही असो, सेटिंग नीट लावा. शटर प्राधान्याचा मोड घ्या, त्यात शटर किती वेळ उघडायचं ते तुम्ही ठरवता. होडी थांबलेली आणि पक्षी उभा असेल तर १/५००, उडणाऱ्या थव्याला १/१६००. आयएसओ, म्हणजे प्रकाशाला संवेदनशीलता, ऑटोवर ठेवून वरची मर्यादा ८०० वर बांधा, छोट्या सेन्सरवर त्यापुढे पिसांचे बारकावे पुसले जातात. सलग फोटोंचा मोड लावा आणि चार-पाचच्या तुकड्यांत काढा. स्टॅबिलायझर तुमच्या हाताची थरथर सावरतो. होडीचं डोलणं त्याच्या आवाक्यात येत नाही आणि पक्ष्याची हालचाल तर मुळीच नाही. त्यासाठी वेगवान शटरच लागतं.

कोपर होडीच्या काठावर टेकवू नका. आधार वाटतो, पण इंजिनाचा सगळा कंप त्या फळीतून कोपरात आणि कोपरातून कॅमेऱ्यात येतो. कोपर बरगडीला टेकवा, पाय फाकवून खाली बसा. नावाड्याला आधीच सांगा की जवळ गेल्यावर इंजिन बंद करून वल्ह्याने घ्या. कंप थांबतो आणि पक्षीही बुजत नाहीत. थवा उडवून दाखवण्यासाठी होडी अंगावर घालायला कुणी तयार झालं तर स्पष्ट नाही म्हणा. खाणं टाकून पुन्हापुन्हा उडावं लागणं हा त्या पक्ष्यांवर जुलूम आहे. उडतानाचा फोटो हवा तर थांबा. थवा आपणहून जागा बदलतो तेव्हा आधी माना वर होतात आणि सगळे एका दिशेने चालू लागतात. तेवढी सूचना पुरेशी असते.

प्रकाशाचं एकच सांगतो. गडद पाण्यावर पांढरट पक्षी असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे ०.३ ते ०.७ करा, नाहीतर पाठ जळून पांढरीफट्ट येते. चकाकत्या पाण्यावर पक्षी काळा दिसत असेल तर तेवढंच अधिक करा.

उन्हात होडीतून स्क्रीनवर काहीच दिसत नाही. उपाय? (अलिबाग)

व्ह्यूफाइंडर असलेला कॅमेरा घेणं हाच खरा उपाय. खिशात मावणाऱ्यांत पॅनासॉनिक टीझेड९५ ला तो आहे. नंतर आलेल्या टीझेड९९ मध्ये कंपनीने तो काढून टाकला, तेव्हा नवं म्हणून डोळे झाकून घेऊ नका. एसएक्स७४० लाही नाही. आहे त्याच कॅमेऱ्यावर भागवायचं असेल तर स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा आणि काळपट गॉगल काढा. पोलराइज्ड गॉगलमधून काही स्क्रीन एका कोनात पार काळी दिसते.

१५ मीटर वॉटरप्रूफ असलेला कॅमेरा. मुलगी गुडघाभर पाण्यात खेळत होती आणि तेवढ्यात आत पाणी गेलं. कंपनी म्हणते वॉरंटीत बसत नाही. असं कसं? (रत्नागिरी)

१५ मीटर हा आकडा कॅमेरा नवा, झाकणं स्वच्छ आणि पाणी गोडं व स्थिर असतानाचा. एवढ्या अटी समुद्रावर क्वचितच जुळतात.

बॅटरी-कार्डाचं झाकण उघडून बघा. आतल्या कडेने एक रबरी पट्टी फिरलेली दिसेल. सगळं पाणी ती एक पट्टीच अडवते. तिच्यावर एक केस, टॉवेलचा एक धागा किंवा वाळूचा एक कण आडवा पडला की त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक फट राहते, आणि गुडघाभर पाणीही तेवढ्यातून आत येतं. टीजी मालिकेत झाकणं दोन आहेत, एक बॅटरीचं आणि एक चार्जिंगच्या तोंडाचं. रोज रात्री चार्जिंगसाठी दुसरं उघडलं जातं आणि तपासायचं राहतं नेमकं तेच.

दुसरं कारण तापमानाचं. होडीच्या फळीवर उन्हात तापलेला कॅमेरा एकदम पाण्यात घातला की आतली गरम हवा आकसते आणि बाहेरचं पाणी झाकणाच्या फटीकडे ओढलं जातं. लेन्सच्या आतून धुकं धरतं तेही यामुळेच, कारण झाकण किनाऱ्याच्या दमट हवेत बंद केलेलं असतं. म्हणून बॅटरी, कार्ड घालून झाकण बंद करायचं काम निघण्याआधी खोलीत, शक्य असेल तर एसीत उरका आणि परत येईपर्यंत ते उघडू नका. कॅमेरा ओल्या टॉवेलखाली सावलीत ठेवा. आणखी एक गोष्ट, उंचावरून कॅमेऱ्यासकट उडी मारली किंवा जेट स्कीवर पाण्याचा फटका बसला की क्षणभराचा दाब साध्या बुडण्यापेक्षा बराच जास्त असतो.

परतल्यावरची पद्धत अशी. झाकणं बंदच ठेवून कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत १० मिनिटं बुडवा. पाण्यातच प्रत्येक बटण पाच-सहा वेळा दाबा, झूमचा खटका इकडून तिकडे हलवा. बटणांच्या कडेला बसलेलं मीठ असंच सुटतं. नळाची जोरदार धार मारू नका, गरम पाणी नको, साबण नको. सुती कापडाने टिपा, सावलीत पूर्ण वाळू द्या आणि मगच झाकण उघडा. उघडताना तोंड खाली धरा, म्हणजे उरलेला थेंब आत न जाता खाली पडेल. रबरी पट्टी कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. माइकच्या भोकात पिन घालू नका. पट्ट्या वापराने कडक होतात, वर्षातून एकदा बदलून घ्याव्यात.

आणि तरंगता पट्टा. बहुतेक टफ कॅमेरे पाण्यात दगडासारखे तळाशी जातात. भगव्या किंवा पिवळ्या फोमचा पट्टा घ्या आणि घरी बादलीत कॅमेरा लावून तो खरंच तरंगतो का पाहा. गोड्या पाण्यात तरंगला तर समुद्रात तरंगणारच, खारं पाणी थोडं जड असतं.

साधा कॅमेरा खाडीत पडला. लगेच काढला. तांदळात ठेवू का? (पनवेल)

तांदळाने आतलं पाणी निघत नाही, उलट त्याची भुकटी आत जाते. खरा शत्रू मीठ आहे, ते विजेच्या प्रवाहाबरोबर तांबं झपाट्याने खातं. कॅमेरा चालू करून बघू नका. बॅटरी आणि कार्ड ताबडतोब काढा. बाहेरचं मीठ गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, झाकणं उघडी ठेवा आणि त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या. पूर्ण बुडालेला साधा कॅमेरा बहुधा वाचत नाही. कार्ड मात्र गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस वाळवलं तर बऱ्याचदा फोटो मिळतात.

वापरलेला कॅमेरा घेताना काय बघायचं? (कोल्हापूर)

बॅटरीच्या खणात टॉर्च मारा. पितळी पट्ट्यांवर हिरवट थर किंवा स्क्रूंवर गंज असेल तर आत खारं पाणी जाऊन आलं आहे. तिथूनच परत फिरा. लेन्समधून तिरका उजेड टाकल्यावर कोळिष्टकासारख्या रेषा दिसल्या तर बुरशी. झूम पूर्ण बाहेर, पूर्ण आत चार वेळा न्या, घर्रघर्र आवाज नको. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून त्यात काळे डाग आहेत का पाहा. बॅटरी सपाट फरशीवर ठेवून फिरवा, गरगर फिरली तर फुगलेली आहे.

टफ कॅमेरा असेल तर बॅटरी काढून खणात कोरडा टिश्यू पेपर ठेवा, झाकण लावा आणि बादलीच्या तळाशी अर्धा तास ठेवा. टिश्यू दमट निघाला तर झाकणाची रबरी पट्टी गेली. कोरडा निघाला म्हणजे खोल पाण्यात चालेल असं मात्र नाही. पट्ट्या बदलेपर्यंत त्याला शिंतोड्यांपुरताच वापरा.

भाऊ अमेरिकेतून कॅमेरा आणणार आहे. स्वस्त पडेल का? (नाशिक)

किमतीत फरक पडेलही, पण कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची वॉरंटी बहुधा विकल्या देशापुरतीच असते. ज्याला पाण्यात नेणार आहात त्याच्या बाबतीत हे जड जातं. तरी आणायचा असेल तर जोडीला एक जादा बॅटरी आणि झाकणाच्या रबरी पट्ट्यांचा संच मागवा. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात चेक-इन सामानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेत, टोकांना टेप लावून आणायला सांगा. चार्जरवर १००-२४० व्होल्ट असं असलं की आपल्याकडे फक्त पिन बदलावी लागते.

मेमरी कार्ड केवढं घ्यावं? (सोलापूर)

फोटोंसाठी ३२ जीबी पुष्कळ. ४के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने काढत असाल तर तासाला ४५ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीत सुमारे ८५ मिनिटं. कार्डावर वेग सांगणारं व्ही३० चं चिन्ह पाहा, नाहीतर चित्रीकरण मध्येच थांबतं. २५६ जीबीचं एकच घेण्यापेक्षा ६४ ची दोन घ्या आणि रोज रात्री बदला, म्हणजे कॅमेरा बुडाला तरी आदल्या दिवसाचं खोलीत सुरक्षित राहतं. बाजारात बनावट कार्डं भरपूर आहेत. ६४ छापलेल्या कार्डात प्रत्यक्षात ८ जीबीच असतात आणि ती भरली की पुढचे फोटो नुसत्या नावापुरते उरतात. कॉम्प्युटरवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हा मोफत प्रोग्राम चालवून नवं कार्ड पूर्ण भरून तपासा. याला तास-दोन तास लागतात, म्हणून सहलीच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका.

पावसाळाभर कॅमेरा कपाटात असतो. लेन्सला बुरशी येते. (सावंतवाडी)

कापडी बॅगेतून आधी बाहेर काढा, ती दमट हवा धरून ठेवते. स्वयंपाकघरात वापरतो तसा हवाबंद डबा घ्या, त्यात १०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रता मोजणारा काटा ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. ६० च्या वर राहू लागला की बुरशीला वाव मिळतो, आणि ३० च्या खाली उतरला तर रबरी पट्ट्या कोरड्या पडतात. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा निळं होतं. त्याच्या रंगात कोबाल्ट असतं, तेव्हा ते अन्नाच्या भांड्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका आणि लहान मुलांपासून लांब ठेवा. बॅटरी काढून, निम्मी चार्ज करून वेगळी ठेवा. महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून झूम चालवा आणि अर्धा तास उजेडात, पण थेट उन्हात नाही, ठेवा.